उघाडीचा तारांकित प्रश्न

माझी आत्या आणि मामा एकमेकांशी बोलत नसत. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. बोलत नसत म्हणजे त्यांचं पटत नव्हतं असं मुळीच नाही. एकाला ताप आला तर दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, पण थेट बोलणं बंद. लग्नानंतर लवकरच कशावरून तरी अबोला धरला गेला, कशावरून ते दोघंही विसरले, आणि आधी बोलायचं कोणी एवढ्या एकाच मुद्द्यावर तो पुढे टिकून राहिला. मी रोह्याजवळ वरसेला त्यांच्या घरी राहायला गेले त्याआधी दोघांच्या मध्ये एक मांजर होतं. पानावर बसलेले मामा मांजराला म्हणायचे, "मने, आमटीत मीठ घालायचं राहिलंय वाटतं." त्यावर आत्या स्टोव्हपाशी बसून मांजरालाच सांगायची, "मने, मीठ समोर बरणीत हाय. हात काय मोडला नाय कुनाचा." मी आले आणि मांजराची सुटका झाली. रोह्याच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं त्या दिवसापासून त्या घरातला सगळा व्यवहार माझ्यामार्फत होऊ लागला. कोणाला किती वाढायचं, कोणाचा डबा किती वाजता, कोणाच्या बहिणीकडे लग्नाला जायचं आणि कोणाच्या नाही, सगळं "वनिता, सांग तुझ्या आत्याला" आणि "वनिते, सांग गो तुज्या मामाला" यातून जायचं. दोघं हातभर अंतरावर बसलेली असायची आणि मी मध्ये.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध. बाबा पावसाळ्यात शेती करायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. गावातून पेणला जाणारा रस्ता पावसाळ्यात असला तर असे, नसला तर नसे, त्यामुळे दहावीनंतर रोज पेणला जाऊन शिकणं जमण्यासारखं नव्हतं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिला घरात माणूस हवं होतं आणि मला पुढची इयत्ता हवी होती. बाबांनी दोन्ही गरजा एकाच एस.टी.त बसवून रोह्याला पाठवून दिल्या. आता लोक मला विचारतात, इतक्या लहान वयात घर सोडताना वाईट नाही का वाटलं? वाटलं. पण एस.टी.त खिडकीची जागा मिळाली होती आणि डब्यात आईने तांदळाच्या भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी दिली होती, त्यामुळे नागोठण्याच्या पुढे फारसं वाटलं नाही.

वरसेचं घर कंपनीच्या भोंग्यावर चालायचं. मामा शिफ्टला जायचे, त्यामुळे कधी पहाटे चहा, कधी भर दुपारी अंथरूण. पहिले काही महिने मला तिथे नीट झोप लागली नाही, कारण भोंगा होता पण उघाडीचा आवाज नव्हता. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात बसवलेलं झडपेचं दार. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडतं आणि पावसाचं गोडं पाणी खाडीत निघून जातं. भरती आली की खाडीच्या रेट्याने ते बंद होतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. पावसाळ्यात त्या दारातून पाणी धो धो निघायचं, आणि त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. आमच्या शेताची उघाडी मात्र मी रोह्याला आले त्याच सुमारास मोडली. झडप निखळून खाडीत गेली आणि भरतीचं पाणी सरळ भातात शिरायला लागलं. बाबा जेव्हा जेव्हा वरसेला यायचे तेव्हा पाणी पिऊन झालं की पहिली गोष्ट तीच निघायची.

त्यांची एक खेप मला चांगली आठवते. मामांना कंपनीने दोन महिने निलंबित केलं होतं. शिफ्टच्या सुपरवायझरशी बोलाचाली झाली आणि मामांनी त्याला दोन शब्द उलट सुनावले, एवढंच. मामांना एकूणच घरात बोलायला माणूस कमी, त्यामुळे बाहेर जास्त जात असावं. बाबा तांदळाचं गाठोडं आणि सुकटीची पिशवी घेऊन आले, जेवले, आणि मला पडवीत नेऊन हळूच विचारलं, "निलंबित म्हंजे काय गो? कामावरून काडला?"

"काढला नाय बाबा. पण गेटच्या आत घेत नाहीत."

"म्हंजे काडलाच," बाबा म्हणाले. मामा पुढे रीतसर कामावर रुजू झाले, पेढेही वाटले, पण बाबांनी त्या शब्दाची धास्ती घेतली ती घेतलीच. माणूस उलट बोलला की त्याला निलंबित करतात आणि निलंबित केलं की सगळं संपतं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं.

बारावीला आम्हाला राज्यशास्त्र शिकवायला जाधव सर आले. साताऱ्याकडचे, सडपातळ, आवाज मात्र दोन माणसांचा. त्यांचा एक कडक नियम होता, चुकीचा शब्द चालणार नाही. 'ठराव' आणि 'विधेयक' यांत कोणी घोटाळा केला तर ते अर्धा मार्क कापत आणि वर म्हणत, "अर्धाच कापला, उपकार मानून घ्या." पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बाकं उचलायला लावली, घोड्याच्या नालेच्या आकारात मांडायला लावली आणि सांगितलं, आता ही विधानसभा. डाव्या हाताचे विरोधी पक्ष, उजव्या हाताचे सरकार. सरकारात गेलेली मुलं लगेच पाय पसरून बसली. विरोधी पक्षाला वाटलं आपल्याला भांडायला सांगितलंय, म्हणून त्यातल्या एकाने डस्टर फेकलं. ते सरांना लागलं. सरांनी शांतपणे कपाळावरचा खडू पुसला आणि फळ्यावर लिहिलं, 'अभिरूप विधानसभा'. अभिरूप म्हणजे खऱ्यासारखी. "खऱ्यासारखी आहे म्हणूनच फेकलं सर," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सरांना स्वतःलाच हसू आवरेना.

आमचं पहिलं विधेयक होतं, कॉलेजचा पहिला तास सकाळच्या गाडीच्या वेळेप्रमाणे भरावा. यावर सरकार आणि विरोधक यांचं इतकं एकमत होतं की चर्चाच होईना. मतदानाला सरांनी शिकवलं तसं अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." अख्खा वर्ग ओरडला, "व्हय." सर म्हणाले, मत बाद, 'होय' म्हणा. पुन्हा घेतलं, पुन्हा "व्हय" आलं, आणि ते विधेयक शब्दामुळे पडलं. हरकतीच्या मुद्द्याची त्याहून गंमत. आतल्या गावातला महादेव नावाचा एक मुलगा होता, वालाची शेती असलेल्या घरातला, फार शांत. तो एक दिवस ताडकन उठून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा." सरांना आनंद झाला, पोरगा बोलला. अध्यक्षांनी विचारलं, काय मुद्दा आहे? महादेव म्हणाला, "आमची काय हरकत नाय." आणि खाली बसला.

मला मात्र एक गोष्ट इतरांच्या आधी जमली. सर सांगत होते की सभागृहात कोणीही कोणाशी थेट बोलत नाही. समोरच्या सदस्याला 'तू' नाही, 'तुम्ही'ही नाही. जे काही बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, आणि समोरच्याने ते ऐकायचं. वर्गाला हे काही केल्या पचेना. समोर उभ्या असलेल्या माणसाला सोडून तिसऱ्यालाच कशाला सांगायचं? मला हसू आलं. मी गेलं वर्षभर हेच करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला अध्यक्षांच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा मी दोन्ही बाजूंना असं सांभाळलं की सरांनी विचारलं, "घरी कोणी राजकारणात आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, पण आत्या-मामा आहेत."

रात्रीच्या जेवणाला मी घरात ही भाषा आणली. मामांनी नेहमीप्रमाणे "वनिता, सांग तुझ्या आत्याला, बिरडं तिखट झालंय" अशी सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "सन्माननीय सदस्यांनी आपला प्रश्न अध्यक्षांना उद्देशून विचारावा." मामा मांडी नीट घालून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, बिरडं तिखट का झालं, याचा खुलासा सरकारने करावा." आत्या म्हणाली, "म्हाराज, सरकार सांगतंय, मिरच्या मामांनीच आनल्यात." मग रोजच असं चालू झालं. वाल सोलायला बसलो की कामकाज सुरू. मोड आलेले वाल परातीत, समोरासमोर आत्या आणि मामा, आणि सोललेल्या डाळिंब्यांच्या राशीकडे बघत मी निर्णय देणार. एकदा आत्या हसता हसता परातीवरच लवंडली आणि वाल घरभर झाले. इतकी वर्षं झाली, पण सुख म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून ते स्वयंपाकघर येतं.

खरं म्हणजे मला त्या विधानसभेची गोडी लागली ती निराळ्याच कारणाने. आमच्याकडे मुलीचं वाक्य कधी पुरं होत नसे. कोणी रागाने तोडत होतं असं नाही. तिला सांगायचं ते आपल्याला कळलंय, असं सगळे आधीच धरून चालत. इथे मी उभी राहिले की माझं वाक्य संपेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा नियमच होता. महादेवसुद्धा गप्प आणि डस्टर फेकणाराही गप्प. असला नियम असलेली मला सापडलेली ती पहिली जागा. तिथून उठून परत घरी जायचं, ही कल्पना मला नकोशी वाटायला लागली, आणि नेमकं त्याच वेळी बाबा आले आणि म्हणाले, "बारावी झाली का घरी ये. तुज्या आयसला हात पायजे. आनि एक जागा पन हाय, बघन्यासारकी."

जागा म्हणजे लग्नाचं स्थळ. बोलायला लागले असते तर रडले असते. आत्या भांडी घासत होती, ती तिथूनच म्हणाली, "दादा, तिकडं पेनला पोरांची मोटी सभा हाय. दुसऱ्या कालेजांची पोरं येनार हायत. वनिता बोलनार हाय. एकदा ऐक तरी, मग ने."

"कसली सभा?"

"विधानसभा," आत्या म्हणाली. तिने 'अभिरूप' हा शब्द वगळला, कारण तो तिला म्हणता येत नसे.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत एकदम निराळंच काहीतरी आलं. "मोटी मानसं येनार तिते?" मी म्हटलं, येणार. पाहुणे येणारच होते. "मग आपल्या उघाडीचं बोल तेवडं. मी येतो ऐकायला. शिक्षनाचं काय ते तवाच बघू." म्हणजे निकाल पेणला लागायचा होता. मी सरांना जाऊन सांगितलं, मला उघाडीवर प्रश्न विचारायचाय. सरांनी उघाडी म्हणजे काय ते समजून घेतलं, खूश झाले, आणि तो तारांकित प्रश्नात घातला. प्रश्नाला तारा लावला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. पंधरा दिवस मी तो प्रश्न पाठ केला. मामा मंत्री व्हायचे आणि दर वेळी "सरकार विचार करीत आहे" असं म्हणून आत्याच्या शिव्या खायचे. अध्यक्षांमार्फत.

सभेच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने पेणला गेलो. मामांनी शिफ्ट बदलून घेतली होती. आत्याने भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि बिरडं असा डबा बांधला होता, जणू काही माझी परीक्षा नसून तिची होती. सभा होती त्या शाळेच्या हॉलकडे जाताना कारखान्यांच्या दारात पांढरे, अजून रंग न लागलेले गणपती वाळत ठेवलेले दिसत होते. बाबा आमच्या आधीच येऊन हॉलच्या शेवटच्या बाकावर बसले होते, धुतलेली टोपी घालून, खांद्यावर नवा टॉवेल. पुढच्या रांगांत मोठ्या शहरांतल्या कॉलेजांची मुलं होती, ठेवणीतले कपडे, ठेवणीतली भाषा. त्यांच्यातलाच एक मुलगा अध्यक्ष होता. गोरा, चष्मा, आणि बोलणं रेडिओवरच्यासारखं. त्याच्यापुढे घंटा होती. आमच्या वर्गात घंटा नव्हती, आम्ही डबा वाजवायचो.

माझी पाळी आली. मी उभी राहिले, माइक जवळ ओढला आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. अध्यक्ष महाराज, धरमतर खाडीच्या काठच्या गावांत भरतीचं पाणी शेतात शिरतं, भात करपतं, जमीन खारी होते. सुरुवात चांगली झाली. आवाज कापला नाही. मग मी मंत्र्यांच्या बाकाकडे हात करून, सरांनी शिकवला तसा, म्हटलं, "अध्यक्ष महाराज, माननीय मंत्र्यांनी आमच्या गावात यावं आणि एकदा आमची उघाडी बघावी."

माइक जुना होता. 'उघाडी'तला 'घा' त्याने गिळला आणि हॉलभर 'उघडी' ऐकू गेलं. पुढच्या रांगा फुटल्या. मुलं बाकांवर डोकं ठेवून हसत होती. मंत्री झालेल्या मुलाने तोंडावर रुमाल धरला. मला आधी कळेचना. माझ्या दृष्टीने तो शब्द म्हणजे दार, खिडकी, पायरी यांच्यासारखा. मग एकदम कळलं आणि माझे कान तापले, पायाखालची फरशी निघून जाईल तर बरं असं झालं. मी मागे पाहिलं. बाबा इकडे तिकडे बघत होते. लोक कशाला हसतायत हे त्यांना कळलं नव्हतं. आपल्या मोडक्या उघाडीला लोक हसतायत, एवढंच त्यांना दिसत होतं.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. तो बिचारा लाल झाला होता. "सन्माननीय सदस्यांनी हा शब्द मागे घ्यावा. तो असंसदीय आहे."

मी जाधव सरांकडे बघितलं. सर भिंतीला टेकून उभे होते आणि मानेने खुणावत होते, घे मागे. अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. मागे घेतला असता तर पाच मिनिटांत सगळं विसरलं गेलं असतं. पण बाबांसमोर उघाडी हा शब्द वाईट आहे असं कबूल करायचं, हे मला जमेना. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, कुठला शब्द?"

"तो... आत्ता उच्चारलात तो."

"बरेच उच्चारले. अध्यक्षांनी सांगावा, म्हणजे मागे घेता येईल."

आता अध्यक्षांची पंचाईत झाली. शब्द सांगितल्याशिवाय तो मागे घेता येईना, आणि सांगायचा तर त्यांनाच तो उच्चारावा लागणार. "उ पासून सुरू होतो," ते म्हणाले, आणि हॉल पुन्हा हसला, पण आता हसणं थोडं बदललं होतं. मागच्या बाकांवर खाडीकाठच्या गावांतली मुलं होती, ती बाकं वाजवायला लागली. मला धीर आला. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, आमच्या शेतातलं पाणी ज्या दारातून जातं त्याला आमच्याकडे उघाडीच म्हणतात. त्याला दुसरं नाव असेल तर सभागृहाने द्यावं, मी आत्ता मागे घेते." बाकं आणखी वाजली. घंटा वाजत राहिली, कोणी ऐकेना. शेवटी त्या मुलाने पुस्तकात पाठ केलेलं एकच अस्त्र बाहेर काढलं. उभा राहिला आणि रेडिओच्या आवाजात म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना निलंबित करण्यात येत आहे."

माझी काही तक्रार नव्हती. आजचा दिवस बाहेर बसायचं, एवढाच त्याचा अर्थ, आणि मला तो पाठ होता. मी कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात मागचं बाक खरखरलं आणि बाबा उभे राहिले. टोपी हातात. "सायेब," ते म्हणाले. माइक नव्हता, पण बांधावरून बांधावर हाक मारायची सवय असलेला आवाज, अख्ख्या हॉलला ऐकू गेला. "सायेब, पोरीला काडू नका. चुकी माजी हाय. मीच तिला सांगितला उघाडीचं बोल. ती हुशार हाय. तिचं शिक्षन बंद करू नका. मी हात जोडतो."

आणि त्यांनी हात जोडले. त्या चष्मेवाल्या अठरा वर्षांच्या पोरापुढे माझ्या बाबांनी हात जोडले. मी रडत होते, आणि लाज वाटून नाही. मला घरी न्यायला आलेला माणूस माझं शिक्षण बंद करू नका म्हणून भर सभेत गयावया करत होता. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, बोलले तर बाहेर काढायचं, असा नियम होता, आणि सगळे अध्यक्षांकडे बघत होते. त्या मुलाने घंटेवरचा हात काढला. तो कसाबसा म्हणाला, "कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब." मग खुर्चीवरून उतरला, सगळा हॉल ओलांडून मागे आला, आणि बाबांचे जोडलेले हात धरून म्हणाला, "काका, असं नका करू. हे खरं नाहीये." त्या मुलाचं नाव मी विसरले, पण त्याला कधी वाईट म्हणवलं नाही मला. नंतर त्याने बाबांना उघाडी कशी असते ते विचारलं आणि बाबांनी हातांची झडप करून दाखवली.

आम्ही मागच्या पडवीत डबा उघडून बसलो. जाधव सरही आले. आत्याने त्यांच्या हातावर भाकरी ठेवली. बाबा जेवत नव्हते. त्यांना आता सगळं समजावून झालं होतं. सभा खोटी, मंत्री खोटा, निलंबन खोटं, पाहुणेसुद्धा खाडीचं काही करू शकणारे नव्हते. उघाडी पुढे गावानेच श्रमदानाने बसवली, सरकार विचारच करीत राहिलं, पण ते नंतरचं. त्या घटकेला बाबांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे मी खोट्या सभेत हात जोडले," ते म्हणाले. "मग माजं बोलनं पन खोटंच धरा." म्हणजे मला घरीच जावं लागणार होतं. आत्याने तोंड उघडलं होतं, पण मामांनी, अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच थेट, तिला म्हटलं, "थांब. बोलू दे त्यांना." आत्या इतकी चकित झाली की थांबली.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. चटणीला लावला. बराच वेळ चावला. मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, खरी कुटं भरते?"

"मुंबईला. हिवाळ्यात नागपूरला."

"तिते उघाडी म्हनलं का हसतील?"

"हसतीलही," सर म्हणाले. "पण ही बोलेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तेच बघणं, उघाडीचं बोल म्हणताना होतं ते. "मग तिते जायाला कितवी लागते?"

आमदार व्हायला शिक्षणाची काहीही अट नसते. पहिलीही लागत नाही. हे जाधव सरांनी आम्हाला घोकून घेतलं होतं, चाचणीत विचारलं होतं, आणि ज्यांनी चुकीचं लिहिलं त्यांचा अर्धा मार्क कापला होता. मी सरांकडे बघत राहिले. सरांनी हातातली भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली, बोटं पुसली, आणि बाबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "पंधरावी. त्याच्याखाली घेत नाहीत."

"तीन वर्सं आनखी," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला. "मग होऊ दे."